बाहेरचा दुवा आणि आपली जबाबदारी
(ट्रस्टच्या हीरकमहोत्सवी समारंभातील भाषण)



ट्रस्टची जुनी इतिवृत्ते आणि शिष्यवृत्तीचे नियम संगणकावर एक्सएमएल पद्धतीने उतरविण्याचे काम आपण आम्हां शिक्षकांवर सोपविलेत. त्यात आम्ही जे शिकलो त्यांपैकी एकच गोष्ट आज सांगावयाची आहे. ती म्हणजे दस्तऐवजात बाहेरचा दुवा कसा घालावा.

दुवा ही कल्पना नवी नव्हे. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी 'पहा' असे लिहून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखविलेले असते. हदीस सांगताना ती कोणी कोणाकडून ऐकली ही साखळी सांगावी लागते. साखळीवाचून तिला वजन नाही. एक्सएमएलमध्ये हेच काम खुणेने होते. आम्ही वापरतो त्या डिटा पद्धतीत दुव्याच्या खुणेत तीन गोष्टी लिहावयाच्या : पत्ता, मजकुराचा प्रकार, आणि तो 'एक्स्टर्नल' म्हणजे बाहेरचा आहे ही नोंद. ही नोंद राहिली की यंत्र ते पान आपल्याच कपाटात शोधू लागते व सापडत नाही म्हणून तक्रार करते.

परंतु खूण शुद्ध असली म्हणजे काम झाले असे नव्हे. हे आम्हांला ठेच लागून कळले. नियमांत आम्ही एका शिष्यवृत्तीच्या अर्जाचा दुवा दिला होता. संगणकाने चूक दाखविली नाही. पुढे ते पान दुसरीकडे हलविले गेले. एका मुलीच्या वडिलांनी दुवा उघडला, तेथे काहीच दिसेना. योजना बंद झाली असे समजून ते स्वस्थ बसले आणि मुदत टळली. त्या वर्षीची फी ट्रस्टने भरली. पण मुलीच्या हक्काची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. दोष आमचा होता.

तेव्हापासून आम्ही तीन नियम पाळतो. दुव्याशेजारी कागदाचे नाव, तो काढणारे कार्यालय व आम्ही तो पाहिल्याची तारीख लिहितो. सर्व पत्ते एकाच फायलीत ठेवून दस्तऐवजात फक्त त्यांची किल्ली घालतो. पत्ता बदलला तर दुरुस्ती एकाच जागी होते. आणि शाळा उघडण्यापूर्वी व दसऱ्याच्या सुटीत प्रत्येक दुवा स्वतः उघडून पाहतो.

आपल्या दप्तरातील जुनी पत्रे पाहा. त्यांवर 'हुबळी, मुंबई राज्य' असे आहे. 1956 साली आपण म्हैसूर राज्यात आलो, 1973 साली त्याचे कर्नाटक झाले आणि 2014 साली हुबळीचे हुब्बळ्ळी. पत्ते बदलले, पण पत्र कोणाचे, कोणाला व कोणत्या दिवशीचे हे लिहिलेले आहे, म्हणून आजही ते ओळखता येते. दुव्याचेही तसेच.

सभासदांच्या घरी संगणक जाणणारी मुलेमुली आहेत. वर्षातून दोन दिवस त्यांनी या कामाला द्यावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.