सहा आकड्यांचा माणूस



फासे म्हटले की आपल्याला सारीपाट आठवतो, नाही तर कौरवांची ती सभा. त्या फाशांनी राज्य गेले. आज मी ज्या फाशांविषयी बोलणार आहे, त्यांनी माणूस घडवतात, अर्थात कागदावरचा!

आमच्या डोंबिवली-ठाण्याकडची कॉलेजातली काही मुले सुटीच्या दिवशी चार-पाच जण जमून एक खेळ खेळतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. आपल्याकडची सोंगेच म्हणा ना, फक्त तोंडाला रंग नाही! पण सोंग घेण्याआधी प्रत्येकाने आपल्या पात्राचे सहा आकडे ठरवायचे: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप.

बुद्धी आणि शहाणपण वेगळे कसे, असे तुम्ही विचाराल. पाढे झटकन पाठ होतात, ती बुद्धी. आभाळ पाहून पेरणी दोन दिवस थांबवायची, ते शहाणपण. आणि ग्रामसभेत ज्याने तोंड उघडले की चार माणसे ऐकतात, त्याची छाप!

आता हे आकडे येतात कुठून? जुनी रीत अशी, की तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. तीनपासून अठरापर्यंत काहीही पडेल. तीन फाशांचे २१६ मेळ होतात; त्यांत अठरा एकदाच येतात, आणि तीनही एकदाच. दहा किंवा अकरा मात्र ५४ मेळांत, म्हणजे चार खेपांत सरासरी एकदा. थोडक्यात, बहुतेक माणसे मधलीच. पण एखाद्याचे नशीब फळफळते आणि शेजारच्याच्या पदरी सगळे पाच-सहा पडतात.

म्हणून पुढे दुसरी रीत निघाली. प्रत्येकाला सारखेच २७ गुण द्यायचे आणि ‘घ्या विकत’ म्हणायचे. आठचा आकडा फुकट. तेराला पाच गुण, चौदाला सात, पंधराला नऊ. वर चढावे तशी पायरी महाग! तीन ठिकाणी पंधरा घेतलेत, की सत्तावीस संपले. उरलेल्या तिन्ही ठिकाणी आठावर भागवा. सगळ्यांत पहिला नंबर कोणालाच मिळत नाही.

मग आठवाला काय करतो? सोबती शोधतो. भीमाजवळ गदा होती, अर्जुनाजवळ धनुष्य, सहदेवाजवळ ज्ञान. वनवास पाचांनी मिळून काढला.

शिक्षक बंधुभगिनींनो, निकालाच्या दिवशी आपण मुलाच्या कपाळी एकच आकडा चिकटवतो आणि घरचेही तोच वाचतात. आता आमच्या कल्याणचेच उदाहरण घ्या. १८६५ साली जन्मलेली तिथली यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिचे तान्हे बाळ गेले. १८८३ साली ती अमेरिकेला निघाली, १८८६ साली डॉक्टर झाली, आणि १८८७ साली बावीस वर्षेही पुरी होण्याआधी क्षयाने गेली. या खेळाच्या कागदावर तिच्या काटकपणापुढे लहानच आकडा मांडावा लागेल. तेवढाच वाचून कोणी तिला घरी बसवले असते, तर आपण काय गमावले असते, ते सांगायला नको.

तेव्हा एक करून पाहा. फळ्यावर हे सहा शब्द लिहा आणि मुलांना २७ गुण वाटायला सांगा. मात्र स्वतःचे नव्हेत, मनातून घडवलेल्या पात्राचे. जिवंत पोराला असे आकडे लावायचे नसतात. ते रोज वाढत असते. वाटणी झाली, की एवढेच विचारा: “तुझ्या गड्याला जे जमत नाही, त्यासाठी तू कोणाला बरोबर घेशील?”

मुले मग एकमेकांकडे पाहू लागतील. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, झाडावर सरसर चढणाऱ्या पोराकडेही कोणाची तरी नजर जाईल. त्या पोराला त्या दिवशी वाटेल, की आपलीही कोणाला तरी गरज आहे. गुणपत्रिकेत या गोष्टीला रकाना नाही. तो आपण वर्गात उघडायचा आहे.