खळ्यावरची धूळ कुणाच्या हिशेबात?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



शेतीमालाच्या भावाचं आपण रोज बोलतो. आज छातीचं बोलू.

फेब्रुवारी-मार्चला कर्जत, जामखेड, पारनेरच्या रानात ज्वारी काढणीला येते आणि नेमका अवकाळी गाठतो. कणसं भिजतात, दाणा काळा पडतो, कडब्याला बुरा चढतो. व्यापारी तो माल पाडून मागतो. मग आपण काय करतो? पांढरी ज्वारी बाजाराला, काळी घराला.

आम्ही शेतीची पदवी घेतली. बुरशीची नावं तोंडपाठ केली, पण पिकाचे रोग म्हणून. मळणी यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईच्या नाकात तेच बीजाणू जातात, हे आम्हाला वर्गात नाही, खळ्यावर कळलं.

बुरशी मातीत, शेणखतात, हवेत सगळीकडे आहे. धडधाकट शरीर तिला रोज झेलतं. 2021 साली कोरोनामागून आलेली ‘काळी बुरशी’सुद्धा मातीतलीच. साखरेच्या आजारानं आणि स्टेरॉईडनं शरीर दुबळं झालं, तिथं ती शिरली. काळ्या ज्वारीशी तिचा संबंध नाही.

आपला रोजचा त्रास वेगळा. मळणीनंतर शिंका, डोळ्यांना खाज, रात्री दम लागणं, ही ॲलर्जी. दुसरा प्रकार असा : बुरसलेला कडबा हलवला की चार-आठ तासांनी थंडीताप, कोरडा खोकला, छाती आवळते. एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पुन्हा कडबा हलवला की पुन्हा तेच. डॉक्टर याला ‘फार्मर्स लंग’ म्हणतात. साधा ताप समजून वर्षं काढली तर फुप्फुस कायमचं आखडू शकतं. म्हणून डॉक्टरला आधी सांगा, काम कोणतं केलं.

आता पोटाचं. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं गेली. 1995 साली दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन गावोगाव पोटदुखी, जुलाब झाले. बुरशीचं विष भाकरी भाजून जात नाही. अफ्लाटॉक्सिन असलेलं खाद्य म्हशीला घातलं, तर ते दुधात उतरतं.

करायचं काय? भिजलेली कणसं वेगळी ठेवा, वेगळी मळा. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा. उपणताना वारा पाठीशी घ्या. नुसता पंचा पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो. ओला कापूस घरात रचू नका, शेजारी लेकरं निजतात.

सांगणं सोपं आहे. ज्याच्याकडे ताडपत्री नाही, काळी ज्वारी टाकली तर खायला दुसरी नाही, त्यानं काय करावं? म्हणून हा प्रश्न फिरून भावावरच येतो. तालुका बैठकीत ठराव घ्या : गावाला वाळवणीचं पक्कं खळं, ताडपत्र्या आणि मळणीवरच्या प्रत्येक माणसाला मास्क. मास्कचा पैसा मळणीच्या दरात धरा. बियाणं, खत, मजुरी आपण उत्पादन खर्चात मांडतो. छातीची झीज आजवर कुणी मांडली नाही. ती आता आपण मांडू.