बांधावरचं डिझायनरपर्यंत कसं पोचवायचं?

आज नेकनूरवरून बोलतोय. लोकांना ॲप वापरताना बघून जे कळतं, ते डिझायनरला सांगायचं कसं, हा आजचा विषय.

उदाहरण आपल्या ओळखीचंच घेऊ: ई-पीक पाहणी. महसूल आणि कृषी विभागानं १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू केली. आधी सातबाऱ्यावर पीक तलाठी लिहायचे. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटो काढतो, नोंद करतो. ही नोंद राहिली तर नुकसानभरपाई, पीककर्ज, हमीभावानं विक्री, कुठंही गाडी अडू शकते. म्हणजे एक स्क्रीन कळली नाही तर थेट पैशाचा प्रश्न.

आता समजा, तुम्ही बांधावर जाऊन हे बघितलं आणि मेल टाकला, ‘शेतकऱ्यांना फॉर्म अवघड जातो.’ डिझायनर काय करणार? बटण मोठं करेल, रंग बदलेल.

त्याऐवजी असं लिहा: ‘सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी होत्या. निर्भेळ पीक की मिश्र पीक, असा पर्याय आला. काका थांबले, “निर्भेळ म्हंजे?” विचारलं आणि फोन पोराच्या हातात दिला.’ आता कळलं ना? अडचण बटणाची नाही, शब्दाची आहे.

म्हणून चार गोष्टी. एक, डोळ्यांनी पाहिलेलं आणि आपला अंदाज वेगवेगळं लिहा. दोन, माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवा, आपली बोली ‘शुद्ध’ करू नका. तीन, किती जणांना बघितलं आणि त्यातले किती अडले, ते सांगा. चार, लांबलचक पीडीएफ नको. एक अडचण, एक स्क्रीनशॉट, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. तोही परवानगी घेऊन, चेहरा आणि गट नंबर झाकून.

आणि अडचणीमागची भीतीसुद्धा सांगा. ‘चुकून भलतंच दाबलं तर?’ ही भीती मोठ्या अक्षरांनी जात नाही; चूक दुरुस्त करता येते हे दिसलं की जाते. २०२२ च्या नव्या आवृत्तीत नोंद ४८ तासांत स्वतः दुरुस्त करायची सोय आली, ती अशा भीतीवरचंच औषध आहे.

जमलं तर डिझायनरलाच एकदा शेतात न्या. भर दुपारी उन्हात स्क्रीन दिसत नाही, हे एसीत बसून कळत नसतं.

चला, भेटू पुढच्या भागात!