सरस्वतीपुरमची सकाळ आणि पौरकार्मिक

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागात महानगरपालिकेचा दिवस सुरू होतो तो पौरकार्मिकांच्या झाडूने. इथल्या सफाई कामगारांना पौरकार्मिक म्हणतात. शहरात 65 प्रभाग आहेत आणि घरोघरचा कचरा त्यांच्याच हातून उचलला जातो. 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात 73 शहरांत म्हैसूर पहिले आले, त्याचे मोठे श्रेय याच लोकांचे.

या शहराला नियोजनाची सवय जुनी आहे. प्लेगच्या साथीनंतर, 1903 मध्ये इथे नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. रुंद रस्ते, मोकळ्या वसाहती आणि सांडपाण्याची सोय हा तेव्हा लोकांच्या जिवाचा प्रश्न होता. आजही तो तसाच आहे.

शहरातील कुंबारकोप्पल येथील कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्याचे खत होते आणि सुका कचरा वेगळा काढून विकला जातो. पण घरातच दोन्ही एकत्र टाकले, तर ते निवडण्याचे काम कामगाराच्या उघड्या हातांवर येते. हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून उद्यापासून काच फुटली, तर ती कागदात गुंडाळून वेगळी द्या.