बाळंतपणानंतर पोट उतरवायची घाई नको

बाळंतीण गटाच्या बैठकीला आली की कुणीतरी म्हणतंच, "पोट केवढं सुटलंय गं!" मग ती रात्रीची भाकरी सोडते. पण अंगावर पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा जास्त अन्न लागतं. उपाशी राहिलं की पोटाआधी अंगातली ताकद जाते.

गर्भाशय मूळ आकाराला यायलाच साधारण 6 आठवडे लागतात. वजन 9 महिन्यांत चढलं, उतरायलाही तेवढे महिने द्या. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, जमेल तर अंडं, पोटभर खा. डिंकाचा लाडू एक पुरे. बिस्किटं, फरसाण, गोड चहा कमी करा. लोहाची गोळी रोज एक, 180 दिवस घ्या. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको.

झेपेल तसं अंगणात चाला, हळूहळू वाढवा. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच व्यायाम करा. पहिले 6 आठवडे भरलेला हंडा, सरपणाची मोळी उचलू नका. पोट घट्ट बांधून चरबी जात नाही.

ताप आला, रक्त जास्त जाऊ लागलं, अंगावरून जाण्याला घाण वास आला, एकाच पायाला सूज आली किंवा धाप लागली, तर वाट बघू नका. लगेच 102 किंवा 108 ला फोन करा, आशाताईंना कळवा.

आणि सासूबाईंनो, जावांनो, तिच्या पोटाकडे बघण्याआधी तिच्या ताटात काय आहे ते बघा. तेवढं आजपासून करू या.