झरा कुणाच्या नावावर?



आज आम्ही एका लांबच्या झऱ्याची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, मॅनिस्टिक गावाजवळच्या जंगलात किच-इटी-किपी नावाचा झरा आहे. झरा म्हटलं की आपल्याला कातळातून पाझरणारी बारीक धार आठवते. हा झरा म्हणजे 200 फूट रुंद तळंच आहे, 40 फूट खोल. पाणी इतकं नितळ, की तळाची वाळू आधणासारखी उसळताना वरून दिसते. जमिनीखालच्या चुनखडीच्या भेगांतून दर मिनिटाला सुमारे 38,000 लिटर पाणी वर येतं. आपण टँकरवाल्या बाया, आपल्या भाषेत सांगायचं तर 10,000 लिटरचे जवळजवळ चार टँकर, तेही दर मिनिटाला!

तिकडे हिवाळ्यात सगळं बर्फाखाली जातं, पण हा झरा गोठत नाही. बारा महिने त्याचं पाणी 7 अंशांच्या आसपास असतं. थंडीत पहाटे आपल्या विहिरीचं पाणी कोमट लागतं ना, तसंच हे. खोलातल्या पाण्याला वरची थंडी लागत नाही.

शंभर वर्षांपूर्वी या झऱ्याची कुणाला किंमत नव्हती. लाकूडतोडीवाले त्याच्या शेजारी कचरा टाकत. मॅनिस्टिकमधले एक दुकानदार, जॉन बेलेअर, यांना तो फार आवडला. मनात आणलं असतं, तर जागा ते स्वतःच घेऊ शकले असते. पण हे सगळ्यांचं राहावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी जमीनमालक कंपनीला राजी केलं, आणि 1926 मध्ये सुमारे 90 एकर जमीन राज्याला अवघ्या 10 डॉलरला मिळाली. खरेदीखतातच अट घातली, की ही जागा कायम लोकांसाठीचं उद्यान राहील. आज तिथे कुणीही जातं, दोरावरचा तराफा स्वतः चाक फिरवून मधोमध नेतं आणि तळ बघतं. पोहायला मात्र मनाई आहे.

ही गोष्ट आम्हाला का लागली, ते सांगतो. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. आमच्या सासवांनी त्याच वाटेनं हंडे आणले, आम्हीही आणले. गेल्या वर्षी ती जमीन विकली गेली आणि तारेचं कुंपण पडलं. आम्ही भांडायला गेलो, तर एकच प्रश्न आला, “कागद कुठाय?” कागद नव्हताच. वहिवाट होती, पण ती कुणी लिहून ठेवली नव्हती.

आता गटातल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज आम्ही ग्रामसभेत देणार आहोत. काय होतं, ते पुढे सांगूच. तुमचा झरा अजून मोकळा असेल, तर तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. या आठवड्यात चार जणी मिळून जा आणि त्या जागेचा सातबारा काढून बघा. झरा कुणाच्या गटात आहे, वाट कुणाच्या बांधावरून जाते, हे गटाच्या वहीत लिहून ठेवा.