आधी प्रतिकृती, मग यंत्र



विहिरीवर नवी मोटार बसवली आहे, असे समजा. मोटार उत्तम, पाइप उत्तम, ठिबकाच्या नळ्या नव्याकोऱ्या. ज्याने त्याने आपापला माल पारखून दिलेला. पण बटण दाबलं आणि शेवटच्या सरीला पाण्याचा थेंब पोचेना! कारण काय? तर चढ किती, अंतर किती, वीज किती तास टिकते, पाण्यात गाळ किती, या सगळ्याचा एकत्र हिशेब कोणी केलाच नव्हता. घरातला एकेक माणूस गुणी, पण घरात एकोपा नाही, तशी ही गत.

हा एकत्र हिशेब करणारे जे शास्त्र, त्याला सिस्टिम्स इंजिनिअरिंग, म्हणजेच प्रणाली-अभियांत्रिकी म्हणतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात १९६१ साली वेन वायमोर यांनी या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला. आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.तही 'सिस्टिम्स अँड कंट्रोल' या विषयाचे उच्च शिक्षण मिळते.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजात यात शिकवतात तरी काय? पहिला धडा असा की यंत्राला हात लावण्याआधी गरज कागदावर मांडायची. 'पाणी भरपूर हवे' हे वाक्य चालत नाही. किती लिटर, किती वेळात, किती उंचीवर, ते लिहायचे. आणि ते साधले की नाही हे कसे तपासणार, तेही तिथेच लिहायचे. दुसरा धडा म्हणजे प्रतिकृती, अर्थात मॉडेल.

प्रतिकृती आपल्याला नवी नाही. खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेली पाण्याची मोठी संशोधन संस्था आहे. तिथे नद्यांच्या, धरणांच्या, बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडून पाहतात. प्रतिकृती मुळाच्या शंभराव्या हिश्शाची केली, तर तिच्यातले पाणी दहाव्या हिश्शाच्या वेगाने वाहते आणि काळही तितकाच आखडतो. नदीचा २४ तासांचा पूर तिथे २ तास २४ मिनिटांत उरकतो. चूक निघाली तर ती प्रतिकृतीत निघते. गावे बुडत नाहीत.

आज हीच प्रतिकृती पुष्कळदा संगणकात, गणिताच्या रूपाने रचतात. मोटारगाडीचा ब्रेक, विमानाचे सुकाणू, पंपाचे नियंत्रण आधी संगणकात चालवून पाहतात आणि मग प्रत्यक्ष यंत्र घडवतात. म्हणून विद्यार्थ्याला कलनशास्त्र, संभाव्यता आणि नियंत्रणशास्त्र यांची चांगली बैठक लागते.

हे सारे टाळले तर काय होते? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्यांदाच उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत आकाशातच फुटले. चार उपग्रह गेले. दिशा सांगणाऱ्या गणकातला प्रोग्रॅम जुन्या एरियान-४ मधून उचललेला होता. तिथे तो बिनचूक चालला होता. पण नव्या बाणाचा आडवा वेग जास्त. तो आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही आणि गणक बंद पडला. जोडीला दुसरा गणक होता, पण त्यातही तोच प्रोग्रॅम! नव्या बाणाच्या मार्गाचे आकडे देऊन तो गणक जमिनीवर आधी चालवून पाहिला असता, तर ही चूक सापडली असती. चौकशी मंडळाने नेमके यावरच बोट ठेवले.

शिक्षक बंधुभगिनींनो, याचा आरंभ तुमच्या वर्गात होऊ शकतो. शाळेची टाकी १००० लिटरची आहे, मिनिटाला २० लिटर पाणी येते आणि पाच तोट्यांतून प्रत्येकी ६ लिटर जाते, असे धरा. मिनिटाला १० लिटरची तूट; म्हणजे भरलेली टाकी १०० मिनिटांत रिकामी. पाटीवरचा एवढा हिशेब हीसुद्धा प्रतिकृतीच. मग मुलांना घड्याळ घेऊन टाकीपाशी उभे करा. टाकी ८० मिनिटांतच आटली, तर मुलांना रागावू नका. कुठे गळती आहे का, आकडा चुकला का, ते त्यांना शोधू द्या. खरे शिक्षण तिथेच होते.

आणि पालकांना एक सांगणे. नाव नवे आहे म्हणून मुलाला किंवा मुलीला त्यात ढकलू नका. आधी यंत्र, वीज, स्थापत्य यांपैकी एक शाखा पक्की होऊ द्या. ज्याला एक भाग नीट कळला, त्यालाच भागांची जुळणी कळते. प्रतिकृती कितीही सुबक झाली तरी ती खरी नदी नव्हे, हेही त्याच्या मनावर बिंबू द्या. शेवटचा निकाल रानात, शेवटच्या सरीवरच लागायचा.